बटनापाशी कोन हाये?

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, अमरावतीत जो माणूस दुसऱ्याच्या घरचा चालू कुलर बंद करतो, त्याला काय शिक्षा असावी? माझं मत विचाराल तर त्याला राजापेठच्या चौकात उघड्या डोक्यानं तासभर उभं करावं. आमच्या शेजारचे गावंडे भाऊजी हा गुन्हा आठवड्यातून दोनदा करायचे आणि वर आम्हालाच रागवायचे.

आधी फाटक वाजायचं. मग जाड रबरी चपलांचा फटक फटक आवाज. त्या चपला ते घरात शिरतानाही काढत नसत. माझ्या सासूबाईंच्या देवघरापुढून ते चपलांसकट गेले आहेत, आणि सासूबाईंनी तोंड उघडण्याआधी त्यांनाच म्हणालेत, "आजी, कुलरपाशी अनवानी नोका फिरत जाऊ." शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, पाणी दिलं तर प्यायचे नाहीत. सरळ कुलरची पिन काढायची, पंपाची वायर बोटांनी चाचपायची, कुठं सोललेली दिसली की काळी टेप गुंडाळायची. मग पिन परत लावायची आणि घरभर ऐकू जाईल असं विचारायचं, "बटनापाशी कोन हाये?"

म्हणजे घरातल्या कोणीतरी उठून बोर्डापाशी जायचं आणि बटनावर बोट ठेवून उभं राहायचं. कुलर चालू करून भाऊजी त्याच्या पत्र्याला टेस्टर लावणार. तेवढ्या वेळात ते करंटला चिकटलेच, तर आपण बटन बंद करायचं. हे काम आमच्या घरी नेहमी माझ्याच वाट्याला यायचं. आमचे हे नेमके त्याच वेळी घोरायला लागत. मी वर्षभर शाळेत चाळीस पोरांपुढे उभी राहते. सुट्टीत घरी पुन्हा बटनापाशी उभी राहायची मला काय हौस?

ज्यांनी वऱ्हाडातला उन्हाळा पाहिला नाही त्यांना आमचा कुलर कळायचा नाही. खिडकीएवढी लोखंडी पेटी, तीन बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या, खाली पाण्याचं टाकं आणि त्या पाण्यातच पंप. चार महिने लोखंड, पाणी आणि करंट एका पेटीत नांदतात. त्यामुळे घरोघरचा कुलर थोडा 'चावतो'. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पाहुणा आला की आम्ही सांगतो, त्याले हात नोका लावजा, चावते थोडा. दारातल्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं. चपला घालून पाणी भरायचं, पाटावर उभं राहायचं, असे उपाय प्रत्येक घरानं शोधून ठेवलेत. वायर दुरुस्त करणं हा उपाय मात्र कोणाला सुचत नाही.

भाऊजींचा सगळा संताप त्या 'थोडा' शब्दावर. "थोडा चावते म्हंजे काय वयनी? थोडा मेला असं राह्यते काय कोनी?" असं ते मला विचारायचे. हे पटायचं, म्हणून मला त्यांचा जास्त राग यायचा.

हे वेड त्यांना आधीपासून नव्हतं. ते सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. सत्तावीस वर्षं नोकरी झाली आणि गिरणी बंद पडली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माणूस सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा राहायला लागला. त्याच सुमारास पुण्याच्या मुलीला बाळ झालं. वंदनाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मुलीची नोकरी, जावयाची नोकरी, बाळाला पाहणार कोण? त्या तीन महिन्यांना आता तिसरं वर्ष चालू आहे. भाऊजीही गेले होते तिकडे. अकराव्या मजल्यावरच्या घरात आठव्या दिवशी त्यांच्या छातीत धडधडायला लागलं आणि ते परत आले.

इथं आल्यावर धडधड जास्तच वाढली. एके सकाळी घामाघूम होऊन आमच्या दारात उभे. ह्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय फर्स्ट क्लास आहे, टेन्शन घेऊ नका, एखादा छंद लावून घ्या. भाऊजी भडकले. "छातीत मोटर चालून राह्यली, अन् हा म्हनते छंद लावा! पेटी वाजवू काय आता मी?"

दवाखाना बदलला, डॉक्टर बदलले, उत्तर तेच. शेवटी कोणीतरी मनाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. अमरावतीत कोणी पाहिलं तर काय म्हणेल, म्हणून भाऊजी एसटीत बसून अकोल्याला गेले. तिथं बाकावर आमच्याच गल्लीतले वानखडे सर बसलेले. तेही त्याच विचारानं अकोल्याला आलेले. दोघांनी एकमेकांना सांगितलं की साळ्याचा नंबर लावायला आलो. भाऊजींना तर साळा नाहीच.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, सकाळी उठल्यावर कोणाचं तरी काम तुमच्यावाचून अडलं पाहिजे. भाऊजी यावरही चिडले. परतीच्या एसटीतून उतरून थेट आमच्याकडे आले ते हीच कैफियत घेऊन. सत्तावीस वर्सं गिरनीचं माह्यावाचून अडे म्हनत, अन् मी बसलो असतानाच तिले कुलूप लागलं, आता कोनाचं अडनार हाये? असं चाललं होतं. त्याच वेळी माझी धाकटी, गौरी, अनवाणी पायांनी, चालू कुलरमध्ये नळीनं पाणी भरत होती. ती "आई गं" म्हणून मागं सरकली आणि हसली. म्हणाली, काही नाही काका, चावते थोडा.

भाऊजींनी पिन उपटली. अर्ध्या तासानं घरून टेस्टर आणि टेप घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या एकाही घराला उन्हाळ्याची दुपार शांतपणे लाभली नाही. बावीस घरं, बावीस कुलर. त्यांनी वार ठरवून घेतले. लोक दार लावून घेत, तर भाऊजी खिडकीतून विचारत, "बटनापाशी कोन हाये?" पोरं त्यांना टेस्टरकाका म्हणायची. वानखडे सरांच्या घरी तर ते मुद्दाम जास्त वेळ थांबत आणि निघताना साळ्याची तब्येत विचारत.

एवढं सगळं मी सहन केलं. पण या मे महिन्यात माझ्या मोठीचा साखरपुडा होता. अकोल्याहून मुलाकडची पन्नास माणसं आलेली. गल्लीत मंडप, मंडपात डेकोरेशनवाल्याचे दोन मोठे भाड्याचे कुलर. मुलाची आत्या कुलरच्या पुढ्यात खुर्ची टाकून, चपला काढून, सांडलेल्या पाण्यात पाय ठेवून बसलेली. गुरुजींनी अंगठीचं ताट पुढं घेतलं आणि मंडपातला सगळा करंट गेला. कुलर बंद, पंखे बंद, माईक बंद. आणि त्या शांततेत फटक फटक चपला.

भाऊजींनी मेन स्विच पाडला होता. मग डेकोरेशनवाल्याशी त्यांचं जे भांडण जुंपलं, ते वीस मिनिटं चाललं. मुलाचे काका रुमालानं मान पुसत होते. आत्याबाई चपला शोधत होत्या. मुलाची आई माझ्याकडे पाहून हसली, ते हसणं मला अजून आठवतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊजी, तुमचं घर रिकामं पडलं म्हनून तुमी दुसऱ्याच्या घरात घुसता काय? उद्यापासून आमच्या घरी येऊ नोका."

ते कुलरच्या वायरला टेप गुंडाळत होते. गुंडाळून झाली. टेस्टर खिशाला लावला आणि "बरं वयनी" म्हणाले. कुलर चालू झाले, अंगठ्या घातल्या गेल्या. भाऊजी न जेवता घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते कोणाकडेच आले नाहीत. आमच्याकडे नाही, बाकीच्या एकवीस घरांतही नाही. गल्ली चार दिवस खुशीत होती. पाचव्या दिवशी गौरी पाणी भरायला उठली आणि माझ्या लक्षात आलं की मी बोर्डापाशी जाऊन बटनावर बोट ठेवून उभी आहे. कोणी सांगितलं होतं मला? मला माझाच राग आला. समोरच्या घरीही तेच चाललेलं दिसलं, सून पाण्यापाशी आणि सासू बटनापाशी.

त्याच संध्याकाळी आत्याबाईंचा अकोल्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, त्या दिवशी पायाले सारख्या मुंग्या येऊन राह्यल्या होत्या, मी म्हटलं शुगर वाढली, पन करंट गेला अन् मुंग्याबी गेल्या, तो भाऊ कोन होता जी?

मी फोन ठेवला. पन्नास माणसांत मी त्या माणसाला त्याचं घर रिकामं आहे म्हणून हिणवलं होतं. ते बोलणं खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

सकाळी साखरपुड्याच्या उरलेल्या बुंदीचा डबा घेऊन गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत शिरल्यासारखं झालं. भाऊजी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीशी बसले होते, एक हात छातीवर. खिडकीत कुलर होता. त्याच्या ताट्या वाळून भुसा झालेल्या, टाक्यात धूळ. नुसता आजचा कोरडा नव्हता तो.

माफी मागायला गेलेली मी, पण तो कुलर पाहून माझं डोकं फिरलं. बावीस घरचे कुलर तपासणारा माणूस स्वतः असा भाजत बसतो? मी विचारलं, तुमचा काहून बंद हाये? त्यांनी टॉवेल कपाळावर ओढला. मी म्हटलं, पिन काढून पाणी भरायचं, हे तुम्हीच तर शिकवता लोकांना. मग भरा ना.

"काढतो वयनी पिन," ते म्हणाले. "तीनदा जाऊन पाह्यतो. तरी मन मानत नाई. वंदना होती तं ते उभी राहे बटनापाशी. एक हात बटनावर, अन् दुसऱ्या हातानं पोरीशी फोनवर बोले. आता घरात एकटा मानूस. चिकटलो तं बटन कोन बंद करन?"

तिसरा उन्हाळा. म्हणजे तीन उन्हाळे हा माणूस आमच्या घरी येऊन मला बटनापाशी उभं करत होता, आणि स्वतःच्या घरी बिनकुलरचा राहत होता. मी म्हटलं, एका शब्दानं सांगितलं असतं तर कोणी आलं नसतं का? ते म्हणाले, लोकाइच्या घरी शायना होऊन फिरतो, अन् कोन्या तोंडानं सांगू का मले माह्याच कुलरचा भेव लागते. आणि मग, टॉवेलात तोंड पुसत, "तुमच्याकडे टेस्टर लावतो ना, तेवढ्या वेळ धडधड राहत नाई वयनी. या हप्त्यात लय झाली."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला रागच जमतो. मी वंदनाताईंवर चिडले, पुण्यावर चिडले, गिरणीवर चिडले, हातातला डबा आपटला. म्हटलं, उठा, नळी कुठं हाये?

नव्या ताट्या वानखडे सरांनी आणून दिल्या. टाकं गौरीनं घासलं. भाऊजींनी रबरी चपला घातल्या, वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली, पाणी भरलं, पिन लावली. बोर्ड दाराच्या मागं होता, तिथून मी त्यांना दिसत नव्हते.

"बटनापाशी कोन हाये?" त्यांनी विचारलं.

"मी हावो," मी म्हटलं.

जरा वेळ कुलर चालू झाल्याचा आवाज आला नाही, कारण बटन मीच दाबायचं होतं आणि मला ते डोळ्यांत पाणी आल्यामुळे सापडत नव्हतं. आता रोज सकाळी मी त्यांच्याकडे बटनापाशी दहा मिनिटं उभी असते. ते मंगळवारी आणि शनिवारी आमच्याकडे येतात, भर दुपारी कुलर बंद करतात, आणि मी अजूनही चिडते.