लाल दोऱ्याचं कारलं

जपानी पुष्परचनेच्या परीक्षेत सूनबाई दोनदा नापास झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच, गर्दी. जिथे तीन काड्या पुरतात तिथे त्या अकरा खोचत. "अहो, काहीतरी काढा," शिक्षिका म्हणत. सूनबाई एक पान काढत आणि राहवत नाही म्हणून दोन फुलं लावत. तिसऱ्यांदा नापास झालं की वर्गातून नाव कमी. त्यातून यंदा रचनेत एक अनोखं फळ हवंच होतं.

जेवताना त्यांनी हे सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासरे "हं" म्हणाले. ते सगळ्यालाच "हं" म्हणत.

दोन दिवस सूनबाईंनी बाजार पालथा घातला. तिसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या, तर सासऱ्यांच्या वेलावर एक कारलं पिकून केशरी झालेलं आणि देठाला लाल दोरा बांधलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. मामंजींनी आपल्यासाठी खूण करून ठेवली, या विचाराने त्यांना भरूनच आलं. त्यांनी कारलं कापून नेलं.

दोरा बियाण्यासाठीची खूण होता. त्या वेलाचं तेवढं एकच कारलं सासऱ्यांनी राखलं होतं.

वेलावरचं कारलं गायब पाहून सासरे थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पोचले, तेव्हा सूनबाई पाणी आणायला गेल्या होत्या. कारलं काड्यांच्या जंगलात उभं होतं. आत हात जाईना, म्हणून सासऱ्यांनी आठ काड्या उपटून टेबलाखाली टाकल्या, कारलं उकललं, लाल बिया रुमालात घेतल्या आणि साल होती तिथे ठेवून दिली.

"मामंजी, हे काय केलंत?" सूनबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"बी काढलं."

तेवढ्यात शिक्षिका आल्या. त्यांनी रचनेभोवती एक चक्कर मारली.

"तीन काड्या आणि रिकामं कारलं," त्या म्हणाल्या. "शिकलात बाई एकदाच्या काढायला. पास."

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "हं," सासरे म्हणाले.

पुढच्या परीक्षेच्या वेळी गच्चीवर नवा वेल होता, आणि त्यावर दोन दोरे.

"लाल माझा, निळा तुझा," सासरे म्हणाले.

सूनबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. निळा दोरा वेलावरच्या सगळ्यात किडक्या कारल्याला बांधला होता.