‘बिझी’ या शब्दाची प्रलंबित नोंद

सुसंस्कृत माणसाला एकवेळ काम नसलं तरी चालतं, पण सवड असलेली चालत नाही. इंग्लंडातल्या आमच्या यॉर्कशरमध्ये टॅक्सीत बसलेला माणूस ड्रायव्हरला आधी ‘काय, आज बिझी का?’ असं विचारतो आणि पत्ता नंतर सांगतो.

या थोर शब्दाची नोंद करण्याचं काम आमच्या बोली-कोश कार्यालयाकडे आहे. प्रमुख हेबलथ्वेटसाहेबांनी ते सोळा वर्षांपूर्वी हाती घेतलं. (हाती म्हणजे खणात.) दिरंगाई मुळीच नाही. आजवर नऊ बैठका, तीन उपसमित्या आणि चहाच्या किटलीबाबत एक निवेदन, एवढी प्रगती आहे.

त्याच खणात एडना क्रॅबट्री या निवृत्त शिक्षिकेचं पत्र होतं. तिच्या आईने लढाईवर गेलेल्या नवऱ्याला लिहिलं होतं, ‘तुमच्यापायी जीव बिझी आहे.’ आईची ही ओळ कोशात आलेली बघायची, एवढीच एडनाची इच्छा. ती दरवर्षी विचारायची. आम्ही दरवर्षी नम्रपणे कळवायचो, ‘कार्यालय बिझी आहे.’

यंदा एक्याण्णवावं लागलं, तशी ती काठी टेकत स्वतःच आली.

‘काय रे रुपर्ट, झालं का?’ (साहेब लहानपणी तिच्याच वर्गात होते.)

‘बाई, फार बिझी आहोत हो!’

‘का रे? कसली काळजी लागलीय एवढी?’

‘काळजी नाही बाई, कामं...’

‘अरे गाढवा, हजार वर्षांपूर्वी या शब्दात काळजीच होती! त्यातूनच निघालेला बिझनेस म्हणजे जिवाला घोर. धंदेवाल्यांनी तो नंतर पळवला. माझी आई जुनंच बोलत होती. काढ ते पत्र!’

साहेबांनी खण उघडला. अर्थ, मूळ, आईची ओळ. चार मिनिटांत नोंद पूर्ण झाली. एडनाने ओळीवरून बोट फिरवत ती दोनदा वाचली आणि डोळे पुसले.

‘एवढंच होतं होय रे?’ ती म्हणाली. आम्हाला फार लाज वाटली.

संपलेल्या कामाचं काय करायचं, याचा आमच्याकडे नियम नाही. त्यासाठी उपसमिती नेमली आहे.

आणि वाचकहो, हे वाचायला तुम्हाला सवड मिळाली, याचा आनंद आहे. तुमच्या खणातही कुणाचं तरी चार मिनिटांचं पत्र असेलच. त्यांना काय कळवायचं, ते तुम्हाला तोंडपाठ आहे.