किसनभाऊजींची डबल बेल

आमच्या शेजारच्या घरातून रोज सकाळी कंडक्टरची घंटी वाजायची. पलूसला नवा पाहुणा आला की दचकून पिशवी उचलायचा. आम्ही हसायचो.

किसनभाऊजी कुपवाडला लांब पल्ल्याच्या लाल गाड्यांची बॉडी बांधायच्या कारखान्यात होते. उघडा सांगाडा यायचा, हे त्यावर पत्रा चढवायचे. पुढं घर बांधलं तेही तसंच. खिडक्यांना सरकत्या काचा, गच्चीवर जायला मागच्या बाजूनं लोखंडी शिडी, सोप्यात मोडीतून आणलेलं तिघांचं बाकडं. आणि स्वयंपाकघरापासून सोप्यापर्यंत छताला दोरी, टोकाला घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला.

कामाला निघायचं झालं की भाऊजी बाकड्यावर बसून राहायचे. आतून त्यांची बायको सुमन ओरडायची, "डबा, चष्मा, किल्ली! मागं राहिलं का काय?" मग दोन टोले. त्याशिवाय हा गडी उंबरा ओलांडायचा नाही.

गाडीचा इतिहास तर विचारूच नये. "आवं वैनी, जुन्या गाडीला नाक हुतं. इंजान पुढं, नाकात. रुबाबात यायची. मग नाक कापलं, बाकडी वाढवली. मानसं लय बसाय लागली, पर तोंडावरची कळा गेली." मग माझ्याकडं बघून, "तुमचं मातूर शाबूत हाय."

माझ्या नाकाचं सांगते. नवी नवरी म्हणून साताऱ्याहून अशाच लाल गाडीनं आले. डोळ्यांवर काळा चष्मा, खिडकीची जागा, मान अशी ताठ की सगळी गाडी मलाच बघायला निघालीय. कराड यायच्या आत गाडी लागली आणि महाराणींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वऱ्हाडात भाऊजी होते. अजून ऐकवतात, "वैनी, त्यो पत्रा माज्या हातचा हुता. रंग सुदिक नवा!"

गेल्या साली सुमन गेली. घंटी थांबली आणि बाकड्यावर भाऊजीही थांबले. बाजार नाही, पारावर बसणं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तरी जागचे हलेनात. लेक संगीता साताऱ्याहून मोटार घेऊन पुन्हा आली.

"दादा, उठा की. डॉक्टर वाट बघत्यात."

"गाडी फुल्ल हाय. मागच्या गाडीनं येतो."

"काकू, तुमी तरी सांगा! आता उशीर केला तर नजर जाईल म्हणत्यात."

मी समजावलं, दटावलं, माझं नाकही पुढं केलं. भाऊजी हसले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

पाणी प्यायला आत गेले. ओट्याजवळ दोरीचं टोक लोंबत होतं. सुमनचा हात पोचेल एवढ्या उंचीवर गाठ, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली. मी काय केलं, का केलं, विचारू नका. घसा ताणून ओरडले, "डबा, चष्मा, किल्ली! मागं राहिलं का काय?" आणि दोन टोले दिले.

सोप्यात बाकडं करकरलं. चपला सरपटल्या. मोटारीचं दार लागलं.

मी दोरी न सोडता ओट्याजवळची काच सरकवून पाहिलं. खिडकीखालीच उभ्या मोटारीतून भाऊजी डोकं बाहेर काढून घराकडं बघत होते.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "मागं कोन राहिलं न्हाई न्हवं?"

दोरी हातातच होती. मी पुन्हा दोन टोले दिले.