तरस, विमान आणि हौसाबाईचा फोटो

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. नदी होती, डोंगर होता, सिंह होता. नव्हता फक्त विमानतळ. शेजारच्या जंगलात तो झाला, तेव्हा आपल्या सिंहाचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग इथेही विमानतळ झाला.

विमानतळाभोवती तारेचं कुंपण आलं. कुंपणावर पाटी आली, 'हा विमानतळ तुमचा आहे.' तिच्याच खाली दुसरी पाटी आली, 'येथे थांबू नये.'

त्या जंगलात दगडोबा नावाचा एक तरस राहायचा. आता तरस दिसायला कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढून उंच, मागून बुटका, आणि चेहरा असा की काही केलं नसलं तरी केल्यासारखं वाटावं. पण दगडोबा स्वभावाने अगदी गरीब. त्याला एकच नाद होता. विमानं बघायचा.

कुंपणाबाहेरच्या वारुळावर तो बसे. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्याला लांबलचक लेन्स. विमान आलं की फोटो काढी, गेलं की काढी. नुसत्या आवाजावरून कुठलं विमान ते ओळखी. याचा कुणाला उपयोग नव्हता, आणि त्रासही नव्हता.

"दुसऱ्यांचे नवरे पत्ते खेळतात. त्यात निदान कोण जिंकलं ते तरी कळतं," असं त्याची बायको हौसाबाई म्हणायची. पण डब्यात भाकरी बांधून द्यायला चुकायची नाही.

त्या जंगलात मीठ घेऊन येणारं एक जुनं विमान होतं. चार पंख्यांचं, पोट सुटलेलं, उतरताना कण्हणारं. दगडोबा त्याला 'म्हातारी' म्हणायचा. एक दिवस बातमी आली. आज म्हातारी शेवटची येणार, आणि मग भंगारात जाणार.

दगडोबा न जेवताच निघाला. वारुळावर बसला, लेन्स पुसली, आभाळाकडे डोळे लावले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ए, काय चाललंय?"

बघतो तर पहाऱ्यावरचा रानकुत्रा.

"विमान बघतोय, साहेब."

"कशाला?"

"आवडतं म्हणून."

रानकुत्रा गोंधळला. त्याला चोर कसा ओळखायचा ते शिकवलं होतं. आवडतं म्हणून आलेल्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

"विमानात बसायचंय?"

"नाही."

"कुणाला सोडायला आलास?"

"नाही."

"मग कोण येणार आहे?"

"विमान येणार आहे, साहेब."

हे फारच झालं. रानकुत्र्याने कॅमेरा काढून घेतला आणि दगडोबाला साहेबांपुढे उभं केलं.

साहेब म्हणजे सुरक्षाप्रमुख रानडुक्कर. भला प्राणी होता, पण भित्रा. काही घडलं तर सिंहाला काय सांगायचं, या काळजीने त्याचं वजन घटलं होतं. त्याने कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले.

"हे काय आहे?"

"चाक, साहेब."

"आणि हे?"

"तेच चाक. जमिनीला टेकल्यावरचं."

रानडुकराला घाम फुटला. "एवढ्या फोटोंत तू एकाही ठिकाणी नाहीस. घरचं कुणी नाही. वाढदिवस नाही, बारसं नाही. हा काय सरळ प्राण्याचा कॅमेरा आहे?"

दगडोबाने खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर कुंपणावर माकडं लटकून फोटो काढत होती. एक हरणांचं जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला थेट धावपट्टीच्या कडेला बसलं होतं.

"ते चालतं, साहेब?"

"ते स्वतःचे फोटो काढतायत. मागे विमान आलं तर त्यात त्यांचा काय दोष? तू खुद्द विमानाचाच काढतोस! मला वर कळवावं लागेल. कॅमेरा जमा, आणि तुला कोठडी. ओळख पटवायला घरून कुणाला तरी बोलावलंय."

घरून हौसाबाईच आली होती. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

इतक्यात लांबून घरघर ऐकू आली. दगडोबाचे दोन्ही कान ताठ झाले. "म्हातारी..." तो पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले.

हौसाबाईने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ती पुढे झाली.

"अहो, साहेबांना खरं सांगायला लाजता कशाला? साहेब, हे माझाच फोटो काढायला आलेत. मला यायला उशीर झाला, तोवर विमानांवर हात बसवत होते."

रानडुकराने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरची धूळ उडाली. "घरगुती मामला आहे होय! मग आधी सांगायचं नाही का? अरे, त्यांचा कॅमेरा द्या. वहिनी, उजेड कुंपणापाशी चांगला असतो."

सगळे बाहेर धावले. हौसाबाईने कपाळावरची झिपरी सारखी केली आणि कुंपणाला पाठ लावून उभी राहिली. दगडोबाने कॅमेरा डोळ्याला लावला. तिच्या खांद्यावरून, पार लांब, म्हातारी खाली येत होती.

"हसा वहिनी!" रानडुक्कर म्हणाला. मग जरा घुटमळला. "असं करा, मलाही घ्या. माझ्या घरात माझा एकही धड फोटो नाही. सगळ्यांत नुसतं नाकच येतं."

तो फोटोत शिरला. ते पाहून रानकुत्रा शिरला. त्याचे जोडीदार शिरले. माकडं उतरली, हरणांचं जोडपं आलं. "सरका, सरका!" झालं. सगळ्यांनी विमानाकडे पाठ केली आणि दात दाखवले.

दगडोबाने बटण दाबलं. म्हातारी टेकली. त्याला दिसली ती रानडुकराच्या दोन कानांमधून, नुसता शेपटीचा एक तुकडा.

फोटो फार छान आला. साहेबांचं नाक प्रमाणात होतं. विमानतळाच्या दारात तो मोठा करून लावला. दगडोबाला शाल मिळाली.

फोटोत एकच जण चुकला होता. हौसाबाईने ऐनवेळी मान मागे वळवली होती. त्यामुळे तिचा चेहरा आलाच नव्हता.

त्या दिवशी घरी परतताना वाटेत दगडोबा हळूच म्हणाला, "हौसा, कशी उतरली गं?"

"आधी मागची चाकं टेकली. अगदी हलकेच, झोपलेल्या पोराच्या शेजारून उठावं तशी. मग थोडं हेलपाटलं, पण सावरलं. पंखे थांबले ते एकदम नाही हो, एकामागून एक थांबले. आणि एवढं मोठं असतं होय ते? मला आपलं वाटायचं, तुम्ही वाढवून सांगता."

दगडोबा वाटेतच खाली बसला. "पुन्हा सांग," म्हणाला. "चाकांपासून."

तात्पर्य : मुलांनो, विमानाकडे तोंड करून उभं राहू नये. त्याला संशयित म्हणतात. विमानाकडे पाठ करून दात दाखवावेत. त्याला सहकार्य म्हणतात. आणि विमान बघायचंच असेल, तर फोटो बिघडवणारी बायको करावी.