भरितावर पारखलेलं विद्यापीठ

"विद्यापीठ कसं निवडायचं, ते मला विचारा!" प्रेमराजभाऊंनी पारोळ्याच्या मार्केट यार्डात भर लिलावात जाहीर करून टाकलं. भाऊ वांग्यांचे अडते. पोतं उघडून हात घातल्याशिवाय माल घ्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

त्यांच्या लेकीला, दीपमालाला, दोन मोठ्या खासगी विद्यापीठांत प्रवेश मिळत होता. एक धुळ्याला देवपूरच्या पुढे, दुसरं जळगावला पिंप्राळ्याच्या पुढे आणि पारोळा मधोमध! आज संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

"आबा, शिकवणं दोन्हीकडे सारखंच आहे," दीपमाला म्हणाली. "मला तिथलं वातावरण बघायचंय. मुलं कशी राहतात, रिकाम्या वेळात काय करतात..."

"मग सोपं आहे! आपण तिथे वांगी भाजू. जिथली पोरं वासावर धावत येतील, तिथलं वातावरण चांगलं!"

दीपमालाच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, पोरीला एकटीला जाऊ द्या की! तिला राहायचंय तिथे, तुम्हाला नाही!"

पण भाऊ ऐकतात कसले! वांग्यांचा हंगाम नव्हता, पण अडत्याला हंगाम कोण विचारतो? ड्रायव्हर भिकनच्या छोटा हत्ती टेम्पोत वांग्यांची पोती, कपाशीच्या काड्यांचा भारा, मोठी परात आणि टोपल्या भरभरून पुऱ्या चढल्या. दीपमाला तोंडाला ओढणी गुंडाळून पुढे बसली.

धुळ्याला गेटवरच अडलं.

"मालाची गाडी आत नाही," वॉचमन म्हणाला. "पालकांना महिन्यातून एकदा भेट. तीही आधी वेळ घेऊन. विद्यार्थिनी जाऊ शकते."

"अरे, तिचा बाप शे मी!"

"म्हणून तर थांबवलं!"

दीपमाला एकटीच आत गेली. भाऊ बाहेर उन्हात वांग्यांसारखेच भाजून निघाले. ती परत आली तेव्हा गाल लाल, केस विस्कटलेले. झाडाखाली नाटकाची तालीम चालली होती म्हणे, आणि एका मुलीने तिच्या हातात सरळ संवादाचा कागदच दिला! "बरं आहे," एवढंच ती म्हणाली.

"बरं कसलं? जेल शे जेल!" भाऊ गरजले. "भिकन, घे जळगावकडे!"

जळगावचं गेट सताड उघडं! भाऊंचा जीव हरखला. हिरव्यागार मैदानाच्या कडेला त्यांनी काड्या पेटवल्या. धूर असा उठला की वसतिगृहाच्या खिडक्या धडाधड उघडल्या. कोणीतरी ओरडलं, "आग! आग!" आणि घंटा ठणठणत विद्यापीठाचा बंब हजर!

"आग नही शे साहेब, भरीत शे!" भाऊ पाण्याच्या नळीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "बठ्ठा जेवाले या!" सगळ्यांनाच जेवायचं आमंत्रण!

मग काय विचारता! शेकडो पोरं जमली. कोणी वांगी सोलतंय, कोणी मिरच्या ठेचतंय, बंबवाले पुऱ्या वाटतायत! चौकशीला आलेल्या कुलगुरूंच्या हातातही द्रोण गेला. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर चौकशी आपोआप संपली. जो तो मोबाइल काढून चित्रण करत होता. "भरीतवाले काका, दर शनिवारी या!" असा घोषच सुरू झाला.

"येणार! दर शनिवारी येणार!" भाऊंनी शब्द देऊन टाकला. "माझी दीपमाला इथेच राहणार आहे! ती बघा, गाडीमागे उभी! लाजाळू आहे, तिला सांभाळून घ्या रे!"

शेकडो माना वळल्या. दीपमालाने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली.

संध्याकाळी घरी भाऊ नुसते उधळले होते. "असं वातावरण पाहिजे! कळव होकार!"

दीपमालाने मोबाइलवर बोट दाबलं. "कळवला. धुळ्याला."

"धुळ्याला? तिथे तर मला आतसुद्धा सोडलं नाही!"

"हो ना आबा," दीपमाला त्यांच्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "जळगावला मी पहिल्या दिवसापासून भरीतवाल्या काकांची पोरगी असणार. धुळ्याला मला अजून कोणीच ओळखत नाही. मला माझी ओळख माझीच करू द्या ना."

सुलक्षणाबाईंनी पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. भाऊंना तेच जास्त लागलं. त्यांनी मिशी कुरवाळली. मग हळूच म्हणाले, "महिन्यातून एकदा तरी येऊ ना?"

"या की. वेळ घेऊन."

भाऊ अंगणात गेले. भिकन उरलेली वांगी उतरवत होता. भाऊंनी दाराकडे एकदा चोरून पाहिलं आणि त्याच्या कानाशी लागले.

"भिकन, त्या वॉचमनले भरीत आवडस का रे?"