लाखभर पाहुणे आणि एक नवरी

राणीसावरगावात गाईंच्या कृत्रिम रेतनावर व्याख्यान ठेवायची हौस दत्तरावांची. परभणीहून डॉक्टर बन्सीधर आले, चावडीपुढं माणसं जमली, निंबावर कर्णा चढला. कर्ण्याचं तोंड गावाकडं वळलेलं पाहून दत्तराव डॉक्टरांकडं धावले.

"डॉक्टरसायेब, घरोघरी बायका ऐकायल्यात. जरा झाकून सांगा."

"झाकून म्हणजे?"

"म्हंजे... अंड्याला नवरी म्हना. बीजाला पावणे म्हना."

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात घरून निरोप आला. लेकीला, मालनला बघायला पाथरीची मंडळी उद्या यायची होती, ती जीप मिळाली म्हणून आजच येऊन बसली होती. दत्तराव तसेच घरी पळाले. ओसरीवर नवरामुलगा पंडित आणि त्याचे चुलते आबासाहेब होते. हे आबासाहेब सुगीपासून नुसतं 'बघू, कळवू' करत होते. आज काय ते हो-नाही व्हायचं होतं.

कर्णा खरखरला. "मंडळी, नवरी एकच असते. पाहुणे मात्र लाखांनी निघतात."

आबासाहेब दचकले. "लाखांनी? काय चाललंय हे?"

"व्याख्यान हाय."

"लग्नावर?"

दारामागं मालन पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. पोरीदेखत खरं कसं सांगणार? "तसंच कायतरी," दत्तराव म्हणाले.

"पाहुणा आला की लगेच कामाचा नसतो. आधी काही तास ओलीत मुरावं लागतं, मग तो लायक होतो."

पंडितनं पाय आखडून घेतले.

"नवरीभोवती करवल्यांचा गराडा असतो. त्या कसला तरी रस सोडून पाहुण्यांना खुणावतात, असा कयास आहे. शास्त्रज्ञांना अजून पक्कं कळलेलं नाही."

नेमक्या त्याच वेळी मालनची आई सगुणाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. आबासाहेबांनी कपात निरखून पाहिलं, वास घेतला आणि कप खाली ठेवला.

"मग पाहुण्याच्या डोक्यावरची टोपी फुटते. त्याशिवाय आत प्रवेश नाही."

आबासाहेबांनी टोपी काढून मांडीखाली दडवली. सोयरीक गेली, हे दत्तरावांना स्पष्ट दिसलं.

"आणि एकजण आत शिरला रे शिरला, की दार कायमचं बंद! मागून लाख येऊ देत, उघडत नाही."

आबासाहेब ताडकन उठले. दत्तरावांनी हात जोडले, "पावणं, जरा ऐकून तर घ्या..."

पण आबासाहेबांनी पंडितचा दंड धरून त्याला उंबऱ्याच्या आत ढकललं, पाठोपाठ स्वतः शिरले, दत्तराव नि सगुणाबाईंनाही आत ओढलं आणि दाराला आतून कडी घातली.

"दत्तराव, पसंती हाय आमची. सुपारी काढा, लौकर!"

"अवो, पोरगी बघितली कुठं अजून?"

"पंडित, बघ!"

पंडितनं बघितलं. मालननंही त्याला चांगलं बघून घेतलं आणि पदरात हसू दाबत मान हलवली. पंडित म्हणाला, "व्हय."

सुपारी फुटली. साखर वाटली. मग आबासाहेबांनाच कसंतरी वाटलं. त्यांनी हळूच विचारलं, "बाकीचे पावणे कुठं उतरल्यात? बिचारे एवढ्या लांबून आले. त्यांना बी साखर धाडा."

दत्तरावांनी साखरेची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. "ते वाटंतच गेले," ते म्हणाले.

"समदे?"

"समदे."

"अरारा! कुठले व्हते?"

"परभणीचे," दत्तरावांनी खरं ते सांगितलं.

"शहरची मानसं नाजूकच," आबासाहेब म्हणाले आणि त्यांनी साखर तोंडात टाकली.