बघणाऱ्यांचं वजन

प्रेक्षक कमी पडल्यामुळे त्रिशला मगदूम मंगळवारच्या बास्केटबॉलच्या सामन्यात उडी मारून वर गेली, ती खाली आली नाही.

इचलकरंजीत कोणाला याचं फार नवल वाटलं नाही. वर गेलेल्या खेळाडूला खाली आणतं ते बघणाऱ्यांचं वजन, हे या खेळात पहिल्याच दिवशी शिकवतात. कॉलेजच्या मैदानाभोवतीच्या सिमेंटच्या पायऱ्या एके काळी गच्च भरायच्या. पलीकडच्या, सुताला खळ लावायच्या सायझिंगमधले कामगार पाळी सुटली की घरी न जाता इकडे यायचे, उशिरा येणारे झाडावर चढायचे. तेव्हा खेळाडूचा पाय वीतभर उचलला की धप्पकन खाली. एकेका बास्केटसाठी घाम निघायचा. पुढे माणसं कमी होत गेली तशा उड्या लांबत गेल्या, आणि सुरुवातीला सगळ्यांना त्याची गंमतच वाटली. गुण वाढले. पोरं हवेतल्या हवेत पास द्यायला लागली. वर्तमानपत्रात फोटो झकास यायला लागले. मागच्या वर्षी कराडचा एक मुलगा पहिल्या डावात वर गेला तो मध्यंतर संपल्यावर उतरला, तरी कोणी मनावर घेतलं नाही. त्याच सामन्यातला एक चेंडू अजून फिजिक्सच्या प्रयोगशाळेवर तरंगतो आहे. कॉलेजनं त्याच्या जागी दुसरा घेतला आणि विषय संपवला.

मंगळवारी पायऱ्यांवर वॉचमन होता आणि सावली बघून डबा खायला बसलेली दोन पोरं होती. वॉचमनचा डोळा लागला होता आणि पोरांचं लक्ष डब्यात होतं.

त्रिशलाच्या आईला, विमलला, ही बातमी गिरणीत कळली. पिठाची गिरणी तिची स्वतःची; नवरा सुरतेला सुताच्या व्यापाऱ्याकडे कामाला. सांगायला जिमखान्याचे प्रमुख शिंत्रे सर जातीनं आले होते. विमलनं पट्टा बंद केला आणि पदरानं हात पुसले.

"किती वर हाय?"

"रिंगच्या वर, काकू. बरीच वर. पण काळजी करू नका, चेंडू हातात आहे तिच्या."

"मग टाकंना का खाली?"

"टाकला तर तोही वरच राहील की. एका गुणानं मागं आहोत आपण. ती म्हणते, उतरताना टाकणार."

विमलनं भाकरी आणि मटकीची उसळ बांधली, जळमटं काढायचा बांबू घेतला आणि दिवस मावळायच्या आत मैदान गाठलं, कारण मगदुमांच्या घरात अंधार पडल्यावर कोणी जेवत नाही आणि लेक हवेत आहे म्हणून नेम मोडायचं तिला काही कारण दिसेना. बांबूच्या टोकाला डबा अडकवून तिनं तो वर धरला. मान मात्र खाली.

"आई, आणि थोडं डावीकडं," वरनं त्रिशला म्हणाली. "हां, सापडला. आई, हितनं आपली गिरणी दिसती गं!"

"जेव गप," विमल जमिनीकडं बघत म्हणाली.

झोपायला बांबूवरनं दुलई गेली. बाकीच्या अडचणींची सोय मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंनी केली. ती काय केली हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमतही कोणाला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी विमलला बोलावून घेतलं. शिंत्रे सर बाजूला उभे होते.

"प्रश्न हजेरीचा आहे, बाई," प्राचार्य म्हणाले. "मुलगी कॉलेजात आहे, पण वर्गात नाही."

"मैदानावर आहे असं धरता येईल का, सर?" शिंत्रे सरांनी सुचवलं.

"मैदानावर नाही, शिंत्रे. मैदानाच्या वर. आणि वर आपली हद्द कुठपर्यंत आहे ते बघावं लागेल. त्याच्यापुढं गेली तर विषय महापालिकेकडं जाईल."

"पुढं जाऊ द्यायची न्हाई, साहेब. खाली आणायची हाय," विमल म्हणाली.

"तेच तर बघतोय आम्ही."

"तुम्ही बघत असता तर ती वर राहिली असती व्हय?"

प्राचार्यांना हे लागलं. प्रेक्षक नाहीत हे त्यांना मान्यच नव्हतं. सामने मोबाइलवर दाखवायची सोय त्यांनीच केली होती आणि मंगळवारचा सामना चार हजार लोक बघत होते.

"चार हजार, बाई! इतकी माणसं आपल्या पायऱ्यांवर मावलीसुद्धा नसती."

"मोबाइलवरचं वजन इथवर पोचत नाही, सर," शिंत्रे सर हळूच म्हणाले.

हे खरंच होतं. सुरतेहून त्रिशलाच्या वडिलांनीही मोबाइलवर बघितलं. "दिसतीया की चांगली," त्यांनी विमलला फोनवर सांगितलं, "जरा उन्हानं काळवंडलीया." त्यांच्या बघण्यानं त्रिशला बोटभरही हलली नाही.

मग बैल गेला आणि झोपा केला, तसं कॉलेज कामाला लागलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी रोज पायऱ्यांवर बसून वर बघावं, असं फर्मान निघालं. मुलं आली, बसली, बघितलं. पण सक्तीचं बघणं खाली ओढत नाही, नुसतं ढकलतं. त्रिशला सरकत सरकत व्हॉलीबॉलच्या मैदानावर गेली आणि तिला जागेवर आणण्यासाठी दुसरी तुकडी पलीकडच्या बाजूला बसवावी लागली. गावातून माणसं यायला लागली तेव्हा जरा आशा वाटली. पहिल्या संध्याकाळी बरीच गर्दी झाली आणि त्रिशला चांगली हातभर खाली आली. पण मग एकानं फोटो काढायला मोबाइल काढला, त्याचं बघून सगळ्यांनी काढले, आणि ती होती त्याच्याही वर गेली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथं दोन निघाले नाहीत. शेवटी दोर टाकून तो तिच्या पायाला बांधायला लावला आणि खालून सहा जणांनी ओढला. बूट निघून हातात आला. त्रिशला वरच.

या सगळ्यात एक गोष्ट विमल पाहत होती. म्हणजे पाहत नव्हती, बांबूवरून जोखत होती. रोज बांबू कमी पडत होता. शनिवारी तिनं दोन बांबू एकाला एक बांधले. रविवारी तेही पुरेनात. टाचा उंचावून, हात ताणून तिनं डबा धरला. वर त्रिशला ओणवी झाली असावी, कारण डब्याची कडी एकदा किणकिणली. पण भार काही हलका झाला नाही.

"राहू दे, आई," वरनं आवाज आला. तो आता लांबून येत होता. "मला भूकच न्हाई."

विमल बांबू धरून तशीच उभी राहिली. पोरीला भूक नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. रडू आवरायला तिनं ओठ दाताखाली धरला, पण ते आवरलं नाही.

शिंत्रे सरांनी तिच्या हातातला बांबू घेतला. "काकू, एक विचारू का? रोज येताय तुम्ही. पण एकदाही वर बघितलं नाहीत."

"माझी नजर जड हाय, सर."

"म्हणजे?"

तेव्हा विमलनं सांगितलं. त्रिशला सात वर्षांची असताना शाळेच्या संमेलनात नाचली होती. विमल पहिल्या रांगेत. किती गोड दिसतीया माझी पोर, असं तिच्या मनात आलं आणि त्याच घटकेला स्टेजची फळी मोडून पोरीचा हात मोडला. सासूबाई म्हणाल्या, दुसऱ्या कुणाची लागायच्या आधी आईचीच दृष्ट लागती. विमलनं ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तिनं लेकीकडं डोळे भरून कधी बघितलं नाही. वेणी घातली ती पाठीमागं बसून. वाढताना ताटात बघितलं. बक्षिसाचे कप फडक्यानं लखलखीत पुसून ठेवले, मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली तीसुद्धा मान खाली घालून, आणि सामना एकही बघितला नाही. त्रिशलाला वाटायचं, आईला आपल्या खेळाचं काही पडलेलं नाही. तिनं तसं कधी बोलून दाखवलं नाही. विमलनंही खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं तर दृष्टीला वाट सापडेल, अशी तिला भीती होती.

शिंत्रे सर म्हणाले, "काकू, मग तर तुम्हीच बघायला पाहिजे."

"बारा वर्सांचं साठलंय, सर. एकदम बघितलं तर धोंड्यागत येईल खाली. हाडं राहायची न्हाईत पोरीची."

सरांनी उंचीचा अंदाज घेतला आणि व्यायामशाळेतल्या गाद्या आणायला पाठवलं. चार गाद्या आल्या. त्यातल्या दोनांत कापूसच नव्हता.

"आई," वरनं त्रिशला म्हणाली. तिनं सगळं ऐकलं होतं. मैदान रिकामं असलं की आवाज कुठवरही जातो. "आई, एकदा बघ की माझ्याकडं."

"लागंल गं तुला."

"लागू दे."

विमल उभीच होती. न बघावं तर पोर रोज वर जाणार. बघावं तर आपल्याच डोळ्यांनी आपटणार. पण एवढी वर्षं गिरणी चालवलेली बाई, हात चालू झाल्याशिवाय तिला विचार सुचायचा नाही. तिनं नकळत मूठ उघडली, मिटली, आणि मग म्हणाली, "अख्खं पोतं एकदम ओतलं की जातं अडतं. मूठ-मूठ सोडावं लागतं."

तिनं एका हातानं पदर कपाळावर ओढून डोळ्यांवर छप्पर धरलं आणि त्याच्या कडेखालून फक्त पायांएवढं बघितलं.

एका पायात बूट होता, दुसऱ्यात नुसता मोजा. मोज्याला भोक होतं आणि अंगठा बाहेर आला होता. सांगितलं असतं तर शिवून दिला असता, असं विमलच्या मनात आलं. त्रिशला झोका घेतल्यासारखी हलली आणि खाली यायला लागली. विमलनं झटक्यात डोळे मिटले. त्रिशला थांबली.

"बास," शिंत्रे सर म्हणाले. "असंच."

मग विमलनं गुडघे बघितले. त्यांच्यावर खरचटल्याच्या खुणा होत्या, जुन्यावर नव्या, आणि त्यातल्या एकीचीही कथा तिला ठाऊक नव्हती. डोळे मिटले. मग कोपरं. एका कोपरात हाड थोडं तिरकं बसलं होतं; ते मात्र तिच्या ओळखीचं होतं. तिथं डोळे मिटायला तिला उशीर झाला आणि त्रिशला एकदम बरीच खाली आली, सर "काकू!" म्हणून ओरडेपर्यंत. मग हात बघितले. पोर लहान असताना ज्या हाताला धरून रस्ता ओलांडायचा तो आता विमलच्या हाताहून मोठा होता आणि त्यात चेंडू सहज बसला होता.

"आई, थांब!" त्रिशला ओरडली. "हितंच थांब जरा. रिंग आलीया."

विमलनं डोळे घट्ट मिटून घेतले. वर काही हालचाल झाली.

"आता बघ. चेंडूकडं बघ आधी."

विमलनं चेंडूकडं बघितलं. तो रिंगमधून जाळीत गेला आणि जाळीतून खाली.

आता तोंडच राहिलं होतं. विमलनं पदर मागं सारला आणि बघितलं. तिला वाटत होतं ते तोंड तिथं नव्हतं. तिथं एक मोठी झालेली मुलगी होती, उन्हानं रापलेली, हनुवटीवर तीळ असलेली. हा तीळ कधी आला, हे आईला माहीत नव्हतं. मुलगी तिच्याकडंच बघत होती. विमल डोळे मिटायचं विसरली.

त्रिशला दोन्ही पायांवर आली आणि तिचा एक पाय मुरगळला. थोडासाच.

"लागली बघ माझी," विमल तिला धरत म्हणाली.

"लागू दे म्हटलं न्हवं?" त्रिशला म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर तोंड ठेवून खूप रडली. विमलनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून समोर घेतलं आणि रडतानासुद्धा बघितलं.

पंचांना कळवण्यात आलं. उतरताना टाकलेला चेंडू नियमात बसतो, असं त्यांनी सांगितलं. कॉलेज एका गुणानं जिंकलं आणि प्राचार्यांनी हजेरी लावून दिली.

पाय बरा झाल्यावर त्रिशलाचा पुढचा सामना गडहिंग्लजच्या मुलींबरोबर होता. विमलनं गिरणी बंद ठेवली आणि पहिल्या पायरीवर मधोमध जाऊन बसली. बाकी वॉचमन होता, या वेळी जागा. त्रिशला पळत येऊन उडी घ्यायची आणि वीतभर वर जाते न जाते तोच धप्पकन खाली यायची. गडहिंग्लजच्या मुली तिच्या डोक्यावरून निवांत तरंगत जायच्या, रिंगपाशी पोचल्या की सावकाश चेंडू सोडायच्या. दर वेळी खाली आली की त्रिशला पायऱ्यांकडं बघायची, घामेजल्या तोंडानं हसायची आणि पुन्हा पळायची. मध्यंतरापर्यंत कॉलेज इतकं मागं पडलं की गुणफलकाकडं बघवेना.

शिंत्रे सर येऊन विमलच्या शेजारी बसले.

"काकू, राग मानू नका. पण अधनंमधनं जरा दुसरीकडं बघितलंत तर?"

"बारा वर्सं दुसरीकडंच बघितलं, सर," विमल मैदानावरची नजर न काढता म्हणाली.

खेळ सुरू झाला. त्रिशलानं उडी मारली आणि लगेच खाली आली.